उरलेल्याचं अर्धं

आमच्या घराला बैठकीची खोली नव्हती. दार उघडलं की समोर माग. पाहुणा आला तरी मागाच्या कडेनं भिंतीला पाठ घासत आत यायचा आणि सुताच्या पोत्यावर बसायचा. ताता, म्हणजे माझ्या वडलांचे वडील, खड्ड्यात पाय सोडून बसलेला असायचा, तो तिथनंच "या, बसा" म्हणायचा. हात थांबवायचा नाही. ताताला आम्ही अरे-तुरे करायचो आणि वडलांना, नायनांना, अहो-जाहो. असं का ते विचारू नका, तसंच होतं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची रीत होती. इथं मात्र मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते, कारण मला लिहिता येतं ते मराठीत. तेही सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर आणि वाचनालयात शिकले.

माग म्हणजे काय ते आता माझ्या नातीलाही सांगावं लागतं, तेव्हा तुम्हालाही सांगते. जमिनीत खड्डा, त्यावर लाकडाचा सांगाडा. उभे धागे ताणून बांधलेले, तो ताणा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पायानं फळ्या दाबतो, की अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली. मधल्या फटीतनं धोटा फेकायचा. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते, ती आडवा धागा सोडत पलीकडं जाते. मग फणी, म्हणजे जिच्या दातांतनं ताण्याचे धागे जातात ती चौकट, पुढं ओढून तो धागा आधीच्या धाग्याला ठोकून बसवायचा. खट्. परत फळी, परत धोटा, परत खट्. आमच्या गल्लीत सकाळपासून हाच आवाज. पहाटे बाया रस्त्यावर लांबच्या लांब ताणा पसरून त्याला खळ लावायच्या, त्या खळीचा आंबूस वास, चुलीवरच्या भाकरीचा वास आणि अम्माच्या, म्हणजे आईच्या, सुपातला विडीच्या तंबाखूचा वास, हे तिन्ही मिळून माझं लहानपण. अजूनही कुठं कांजीचा वास आला की मला भूक लागते. डॉक्टर म्हणतात, साखर बघून खा. बघून तर खातेच आहे.

माझं काम कांड्या भरायचं. राटाचं चाक फिरवायचं, लडीचं सूत कांडीवर चढवायचं. बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय घालायचा नाही, असा ताताचा नियम होता. का, तर त्याच्या बापाचा होता. बायांनी सूत उकलावं, कांड्या भराव्यात, खळ लावावी, गाठी माराव्यात, सगळं करावं, पण धोटा फेकायचा तो पुरुषानं. आता यात काय अर्थ होता? काही नव्हता. पण मला तेव्हा ते खटकलंही नाही, कारण ताताच्या शेजारी राटावर बसायला मिळायचं आणि तो बोलत असायचा. मी सगळ्यात बोलकी का, असं मला लोक विचारतात. मी धोट्याच्या तालावर बोलायला शिकले, थांबायची सवयच नाही.

ज्या दिवसांबद्दल मी सांगायला बसले आहे, त्यांची सुरुवात शाळेत झाली. आमचे गुरुजी मोडनिंबचे. शनिवारी गावी जायचे, सोमवारी येताना धोतराच्या सोग्यात पोरांसाठी काही ना काही आणायचे, कधी बोरं, कधी शेंगा. एकदा त्यांनी विचारलं, सगळ्यात मोठा आकडा कोणता? कोणी म्हणालं लाख, कोणी कोटी. गुरुजी प्रत्येकाला म्हणायचे, "त्यात एक मिळव की." वर्गात हसाहस. मला हसू येईना. घरी येताना मी चालत होते आणि डोक्यात एक मिळवत होते. म्हणजे हे थांबतच नाही? कुणी दमलं म्हणून थांबतं, आकडे थांबत नाहीत? दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "गुरुजी, बारीक आकडा? सगळ्यात बारीक?" गुरुजींनी खिशातली एक शेंग काढली. म्हणाले, "ही अर्धी कर. मग अर्ध्याची अर्धी. मग तिची अर्धी. संपंल का?" मी म्हणाले, "संपंल की, खाऊन टाकली तर." वर्ग परत हसला, गुरुजीही हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "अंबू, खाल्ली तर संपंल. अर्धी करत राहिलीस तर नाही संपायची. मलाबी ह्याचा विचार केला की गरगरतं." मोठा माणूस गरगरतं म्हणतो याचं मला फार वाटलं.

त्याच सुमारास अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. नोकरी पक्की, नाकीडोळी बरा, आणि मागावर बसत नाही हे अम्माला सगळ्यात आवडलेलं. नायनाही तेव्हा हातमाग सोडून एका यंत्रमागाच्या कारखान्यात पाळी करायला लागले होते. घरच्या मागावर एकटा ताता. ताताला दम्यासारखं काहीतरी होतं. खोकला सुरू झाला की फणी धरून वाकायचा, आणि ओसरला की मागं राहिलेलं भरून काढायचं असल्यागत चार धागे भराभर ठोकायचा. अक्काची लग्नाची साडी मीच विणणार, असं त्यानं जाहीर केलं. मागावरच्या ताण्यातली ती शेवटची साडी होती. डाळिंबी अंग, पिवळे काठ. आणि ती विणायला घेतली त्या दिवशी, अम्मा चहा द्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "सूनबाई, ही उतरली की मी मोकळा. मार्कंडेयाला म्हणावं, आता ने."

अम्मा सासऱ्यांना मामा म्हणायची. ती म्हणाली, "सकाळच्या पारी असलं बोलू नये, मामा." आणि गेली विड्या वळायला. तिच्या लेखी विषय संपला. मी मात्र राट थांबवून बसले. ही उतरली की मी मोकळा. मी साडीकडं बघितलं. वीतभर झाली होती.

मार्कंडेय आमच्या कुळाचा मूळपुरुष. त्याची गोष्ट ताताच सांगायचा. सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेला पोरगा, यम न्यायला आला तर शंकराच्या पिंडीला मिठी मारून बसला, आणि शंकरानं यमाला हाकललं. तेव्हापासून तो कायमचा सोळाचा. मी ताताला मागंच विचारलं होतं, "म्हणजे त्याला सतरावं लागतच नाही?" ताता म्हणाला, "न्हाई." "एक मिळवला तरी?" ताता धोटा फेकत हसला. "अगं, त्याच्याबरोबरची पोरं सगळी म्हातारी होऊन गेली की. ह्यो एकटाच सोळाचा. सूरपारंब्या खेळायला कोण उरलं असंल त्याच्यासंगं?" मला ते उत्तर तेव्हा चुकवाचुकवीचं वाटलं. आता माझ्याबरोबर खळ लावणाऱ्या पोरींपैकी गल्लीत मी एकटी उरले आहे, आणि माझी शेवटची मैत्रीण, गंगाधरची आई, गेल्यावर मला 'अंबे' म्हणून हाक मारणारं कोणी राहिलं नाही. आता त्या उत्तराचा मला राग येत नाही.

साडी वाढत गेली. ताण्याची उरलेली बाजू मी रोज बघायची. विणलेलं पुढच्या दांड्यावर गुंडाळलं जातं, ते दिसत नाही; उरलेलं मात्र समोर दिसतं. साडी पुरी व्हायला हातभरच राहिली, तेव्हा मला सुचलं. मी गेरूचा खडा घेतला आणि ताताला म्हणाले, "ताता, आज उरलेल्याचं अर्धंच विणायचं."

"का गं?"

"गंमत. मी खूण करते. तितं थांबायचं. उद्या जे उरंल त्याचं परत अर्धं. परवा त्याचं अर्धं."

"आणि मग?"

"मग संपणारच न्हाई."

ताता खोकला. मग फणीवर हात ठेवून माझ्याकडं बघत बसला. त्याला कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. तो एवढंच म्हणाला, "काढ ठिपका."

तर असं सुरू झालं. रोज सकाळी मी दोरी धरायची, साडी जिथं संपणार त्या खुणेपर्यंत उरलेलं मापायचं, दोरी दुमडायची आणि मधोमध काठाच्या धाग्यावर गेरूचा ठिपका. ताता ठिपक्यापर्यंत विणायचा आणि उठायचा. खरं तर त्याच्या अंगात तेवढंच त्राण होतं, त्यालाही हे बरंच पडत असणार. पण त्यानं गंमत लावून धरली. शेजारचे नरसय्या मामा, पलीकडच्या मागावरचे, दुपारी तंबाखू मळत यायचे. त्यांनी विचारलं, "का रं, साडी विणतोस का देवाचं कोरीव काम करतोस?" ताता म्हणाला, "मालकिणीचा हुकूम हाय. अर्धंच विणायचं." नरसय्या मामा म्हणाले, "माझ्या मालकिणीला असं का सुचत न्हाई?" दोघं हसले आणि खोकले.

अक्का मात्र हसत नव्हती. लग्न जवळ आलेलं. तिच्या मैत्रिणींच्या साड्यांना गोंडे बांधून झालेले, आणि हिची अजून मागावर. पहिल्या दिवशी हातभराची वीतभर उरली, दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मी, मग चार बोटं, मग दोन बोटं. काम कमी होत होतं पण साडी काही उतरत नव्हती. एका सकाळी ती भाकऱ्या थापता थापता पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"ताता, दोन बोटं राहिली. आज काढतोस का न्हाई?"

"आज एक बोट," ताता म्हणाला.

"अरे, मांडवात मी काय परकरावर उभी राहू?"

नायना पाळीवरून आलेले, दाराशी चपला काढत होते. ते म्हणाले, "काय चाललंय हे? एका घंट्याचं काम आणि चार-चार दिवस लावलेत. अंबू, तो गेरू टाक खाली."

मी गेरू टाकला नाही. मुठीत घट्ट धरला. नायनांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, तेव्हाही उगारला नाही. पण त्यांचा आवाज चढला आणि मला एकदम रडू फुटलं. रडत रडत मी सगळं बोलून गेले. की साडी उतरली की ताता जाणार, त्यानंच सांगितलंय. की अर्ध्याचं अर्धं केलं की शेवट येत नाही, गुरुजींनी सांगितलंय. की अक्काला दुसरी साडी आणा, दुकानातनं आणा.

चुलीवर भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तो आधी कोणाच्या लक्षात आला नाही. अक्का मागाशी उभी होती, पिठाचे हात तसेच पुढं धरून. मग ती हळूच म्हणाली, "ताता, राहू दे. मी अम्माची नेसते." आणि आत पळाली, भाकरीकडं की रडायला, ते मी बघितलं नाही.

ताता हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. म्हणाला, "अगं येडे, मी जायचं ते ताण्याला विचारून जाणार व्हय? बोलतो माणूस. ऊन झालं की म्हणतो, मेलो. मेलो का मी?" मग मला जवळ ये म्हणाला. खड्ड्याच्या काठावर, त्याच्या शेजारी, जिथं बसायची मला परवानगी नव्हती, तिथं बसवलं. पाय मात्र वर घे म्हणाला. मी मांडी घालून बसले.

"बघ. किती उरलंय?"

"दोन बोटं."

"त्याचं अर्धं कर." मी ठिपका दिला. त्यानं तेवढं विणलं. "आता परत कर." परत केला. परत विणलं. असं करत करत उरलेली जागा नखाएवढी झाली, मग नखाच्या कडेएवढी. मला ठिपका देताच येईना, गेरूचा खडाच त्याहून जाड. शेवटी दोन धाग्यांची जागा राहिली. त्यानं एक घातला. खट्.

"आता उरला एक धागा. ह्याचं अर्धं कर."

मी धोट्याकडं बघितलं. ताता म्हणाला, "धोटा हिकडनं सुटला की तिकडंच जाऊन थांबतो. मधी न्हाई थांबत. थांबला तर ताणा तुटतो. तुझ्या गुरुजीचं बरोबर हाय, आकड्याचं अर्धं कितीबी होत असंल. सुताचं होत न्हाई." आणि त्यानं धोटा माझ्या हातात दिला नाही, पण माझा हात त्याच्या हातावर ठेवायला लावला, आणि धोटा सोडला. गेला पलीकडं. खट्.

साडी उतरली. ताण्यातनं कापून काढताना कात्रीचा जो आवाज येतो, कुरकुर असा, तो ऐकताना मी डोळे मिटून घेतले होते. दुपारभर मी ताताच्या बाजेजवळ बसून होते. त्याच्या छातीवर लक्ष. वर गेली की मी श्वास घ्यायची, खाली गेली की सोडायची. मध्येच तो इतका वेळ थांबला की मी ओरडणार होते, तेवढ्यात त्यानं कूस बदलली आणि डोळे न उघडता म्हणाला, "चहा टाकला का न्हाई कुणी? का साडी झाली म्हणून चहाबी बंद?"

अक्काचं लग्न झालं. डाळिंबी साडी तिला खुलून दिसली. कुर्डुवाडीची माणसं जेवायला बसली आणि अंबाडीच्या भाजीला नावं ठेवत तीन-तीनदा घेतली. ताता मांडवात खुर्चीवर बसून प्रत्येकाला सांगत होता, ही साडी विणायला मला हुकूम होते. मी लाजून लपले.

लग्नाची घाई ओसरल्यावर नवा ताणा आला, आणि गाठी मारायचं काम निघालं. हे मला सगळ्यात आवडायचं. मागावरचा ताणा कधी पूर्ण विणता येत नाही. शेवटचा हातभर धागा फणीत अडकलेलाच राहतो, तिथं धोट्याला जागाच मिळत नाही. तो काढून टाकायचा नाही. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या एकेका टोकाला गाठायचा आणि मग सगळं पुढं ओढून घ्यायचं. म्हणजे माग कधीच रिकामा होत नाही. ताता सांगायचा की त्याच्या आजोबानं तेलंगणातलं गाव सोडलं तेव्हा लाकडं तिथंच टाकली, पण फणी त्यातल्या धाग्यांसकट धोतरात गुंडाळून डोक्यावर आणली. सोलापुरात आल्यावर नवा सांगाडा केला आणि त्याच टोकांना नवं सूत गाठलं. तिथपासून गाठीला गाठ. मी विचारलं, "म्हणजे ह्यात त्याचा धागा अजून हाय?" ताता म्हणाला, "एकबी न्हाई. सगळे विणून गेले." "मग त्याचं काय उरलं?" "ओळ," तो म्हणाला. "पहिल्या धाग्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. ती चुकली न्हाई."

अम्मा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, दोघी बोटांनी पीळ देत मधे यायचो. कोणी मोजायचं नाही. शेवटी एक धागा जास्त उरला तर कळायचं की कुठंतरी चुकलंय. परवा माझी नात, पुण्याला गणित शिकते, फोनवर सांगत होती की सगळे आकडे आणि नुसते समआकडे संख्येनं सारखेच असतात, निम्मे नसतात. मी म्हटलं, कसं गं? ती म्हणाली, "आजी, एकाला दोन जोड, दोनाला चार, तिनाला सहा. दोन्हीकडं कोणीच उरत नाही." मी म्हटलं, म्हणजे गाठी मारायच्या. ती म्हणाली, "हो, गाठीच मारायच्या." पण तिचं ऐकून मला वाटलं, आमच्या ताण्यात हे चाललं नसतं. निम्म्या धाग्यांना सगळे गाठायला गेलं असतं तर अम्मानं हातावर मारलं असतं. ती म्हणते, संपणाऱ्याचे नियम वेगळे, न संपणाऱ्याचे वेगळे. मी म्हटलं, बाई, मी आता संपणाऱ्यातली, मला माझे नियम सांग. तिला ते आवडलं नाही. या वयाची पोरं असं काही ऐकलं की फोनवरसुद्धा तोंड फिरवतात, कळतं मला.

नव्या ताण्यावर ताता सावकाश विणत होता. आता ठिपके नव्हते. मी विसरूनही गेले होते. साडी अर्धी झाली होती, हिरवी, बारीक चौकड्याची. लग्नाची नव्हे, देवाची नव्हे, बाजारात जाणारी साधी साडी. दुपारची वेळ. मी राटावर, अम्मा दाराशी विड्या वळत. खट्, खट्, आणि थांबलं. माग थांबला की घराला लगेच कळतं. अम्माचा हात सुपात तसाच राहिला. पण ताता उठला, माठाकडं गेला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "जरा पडतो." बाजेवर पडला. मी कांडी भरत राहिले. कांडी भरून झाली, तेव्हा ती द्यायला म्हणून मी वळले.

मी त्याच्या छातीकडं बघितलं. मागच्या वेळेसारखं बघत बसले. यावेळी त्यानं कूस बदलली नाही.

मला नंतर सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल, तर अर्ध्यात गेल्याचा. ताण्याच्या शेवटाला नाही, साडीच्या शेवटाला नाही. मधेच, जिथं कशालाच काही अर्थ नाही अशा जागी. आणि मी कांडी भरत होते.

आमच्यात रीत अशी की विणकर गेला आणि मागावर कापड राहिलं, तर बाराव्याच्या आत घरच्या कोणीतरी ते पुरं करायचं. अर्धं कापड ठेवायचं नाही, फाडायचं नाही, बाहेरच्या हाताला द्यायचं नाही. माणसं आली, गेली. अक्का कुर्डुवाडीहून आली ती मागाला हात लावून रडली. नायनांनी सगळं केलं, आणि एका सकाळी पाळीला जायच्या आधी ते मागाशी उभे राहिले. मला वाटलं तेच बसणार. ते म्हणाले, "अंबू, बस."

अम्मा चुलीजवळनं म्हणाली, "पोरगी? मागावर? मामा काय म्हणतील?"

"मामा आता काय म्हणायला हायत का?" नायना म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं तसा त्यांनी मागाच्या दांड्यावर हात टेकला. मग म्हणाले, "धोट्यात कांडी हाय ती हिनंच भरलेली हाय. अर्धी झालीय. हिलाच पुरी करू दे."

मी म्हणाले, "नको." मला ती साडी तशीच राहायला हवी होती. अर्धी. ताताचा शेवटचा धागा जिथं होता तिथंच तो राहील, त्यानंतर काही येणार नाही, असं. मी ते बोलले नाही, पण नायनांना कळलं असावं. ते माझ्याजवळ खाली बसले, हे ते कधी करायचे नाहीत. म्हणाले, "असंच ठेवलं तर उंदीर खातील, अंबू." एवढंच म्हणाले.

मी खड्ड्यात पाय सोडले. खाली गार होतं. पायाच्या फळ्या ताताच्या टाचांनी घासून मधे खोलगट झालेल्या, माझी टाच त्यात बुडाली. धोटा उचलला. तो मला वाटलं त्याहून जड होता. समोर ताताचं शेवटचं ठोकलेलं सूत, सरळ, घट्ट. फळी दाबली. ताणा उघडला. धोटा सोडला, तो वाकडा गेला पण गेला, पलीकडं जाऊन थांबला, मागं हिरवा धागा सैल पडलेला.

"ओढ," नायना म्हणाले.

गुरुजी म्हणायचे, कोणत्याही दोन आकड्यांच्या मधे हवे तेवढे आकडे मावतात, कितीही जवळ आणा. मी फणी दोन्ही हातांनी धरून पुढं ओढली आणि ठोकली. मग वाकून अगदी डोळे लावून बघितलं. ताताच्या धाग्याला माझा धागा टेकला होता. मधे काहीच मावत नव्हतं.

"बरं बसलंय," नायना म्हणाले. "आता दुसरा."